पोर्ट लुई : आठ तास आणि पाच वर्षं

मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात क्रूझ जहाज सकाळी लागतं आणि संध्याकाळी सुटतं. मधल्या आठ तासांत काय करता येईल याची यादी आदल्या रात्रीच जहाजाच्या ॲपवर येते. आमच्या यादीत होतं : कॅटमरानमधून गॅब्रिएल बेटावर स्नॉर्केलिंग आणि जेवण, शामारेलची सात रंगांची माती, डोडो पक्ष्याचं म्युझियम, कोदाँ वॉटरफ्रंटवर शॉपिंग. प्रत्येकापुढे किंमत आणि सगळ्यात खाली परतीची वेळ. साडेपाच. त्यानंतर जहाज कुणासाठी थांबत नाही.

जहाज थांबलं म्हणून उतरलेले प्रवासी या बंदरानं खूप पाहिले आहेत. चार्ल्स डार्विन इथे उतरला, मार्क ट्वेन उतरला, गांधी उतरले. थोडे दिवस फिरले आणि पुढे गेले. पण १८३४ ते १९२० या काळात याच बंदरात भारतातून आणलेली साडेचार लाखांहून जास्त माणसंही उतरली. त्यांना परतीची वेळ कुणी सांगितली नव्हती. त्यांना एक नंबर मिळाला.

हे दोन प्रकारचे प्रवासी आजच्या पोर्ट लुईत कुठे कुठे भेटतात ते मला बघायचं होतं. त्या साडेचार लाखांतले बहुतेक कोलकात्याहून आणि मद्रासहून गेले. सगळ्यात कमी मुंबईहून. पण मुंबईहून गेलेल्यांत मराठी बोलणारे पुष्कळ होते. त्यांच्याबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही. म्हणून मी यादीतली एकही सहल घेतली नाही आणि चालत निघाले.

पुतळा समुद्राकडे बघतो

बंदरातून शहरात शिरलं की आधी प्लास दार्म लागतो. दोन्ही बाजूंना उंच ताडासारखी झाडं, टोकाला सरकारी वाडा आणि त्याच्यासमोर व्हिक्टोरिया राणी. समुद्राकडच्या टोकाला एका फ्रेंच माणसाचा पुतळा आहे. माहे द ला बुर्दोने. हा १७३५ साली गव्हर्नर म्हणून आला तेव्हा बेटावर फ्रेंचांची वस्ती होती, पण धड बंदर नव्हतं. त्यानं गोदी, कोठारं, दवाखाना, रस्ते असं सगळं उभं केलं. भारताच्या इतिहासात हाच माणूस १७४६ साली मद्रास जिंकणारा म्हणून भेटतो.

पुतळ्याखाली सेल्फी घेणाऱ्यांची रांग असते. पण हे बंदर बांधलं कुणी, हा प्रश्न विचारला की उत्तर पुतळ्यापाशी मिळत नाही. ते मादागास्कर आणि मोझांबिकहून धरून आणलेल्या गुलामांनी बांधलं. दक्षिण भारतातून आणलेले कारागीरही हाताशी होते.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. भाषा, कायदा, चालीरीती, जमिनी सगळं फ्रेंच मळेवाल्यांकडेच राहिलं, मालक फक्त बदलला. आणि मळ्यांवर ऊस वाढत गेला.

२९ एप्रिल १८३६ला 'बीगल' जहाज इथे लागलं आणि सत्तावीस वर्षांचा डार्विन उतरला. साधारण दहा दिवस होता. शहरामागचा 'ल पूस' नावाचा डोंगर चढला. नावाचा अर्थ अंगठा, आणि डोंगर खरोखर अंगठ्यासारखाच दिसतो. बेटावरच्या एकुलत्या एका हत्तीवरून त्यानं थोडा प्रवासही केला. हत्ती सर्वेक्षण खात्याच्या प्रमुखाचा होता.

पण डार्विनच्या प्रवासवर्णनात आपल्याला थांबवणारी गोष्ट वेगळीच आहे. रस्त्यांवर काम करणारे भारतीय कैदी त्यानं पाहिले. त्या वेळी बेटावर असे सुमारे ८०० होते. भारतीय माणसं इतकी रुबाबदार असतील याची आपल्याला कल्पना नव्हती, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलं. हे कैदी कोण? १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यातून सुमारे दीड हजार जणांना काळ्या पाण्याची शिक्षा देऊन इथे पाठवलं होतं. अंदमानच्या कितीतरी आधी आपलं काळं पाणी हे होतं. पोर्ट लुईच्या आसपासचे जुने रस्ते आणि पूल त्यांच्या हातचे आहेत.

मुंबई इलाखा म्हणजे त्यात गुजरात, कर्नाटकचा भागही आला, त्यामुळे सगळेच मराठी नसणार. पण पेशवाई बुडाली ती १८१८ साली. त्यानंतरच्या उलथापालथीत आपल्या भागातले किती जण इंग्रजांच्या कोर्टासमोर उभे राहिले असतील, याचा अंदाज करायला इतिहासकार असायची गरज नाही.

तीन महिने आधीच

शहराच्या मधोमध एका टेकडीवर काळ्या दगडाचा किल्ला आहे, फोर्ट ॲडलेड. लोक त्याला सिटाडेल म्हणतात. वर गेलं की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आणि मागे डोंगर. खाली आपलं पांढरं जहाज एखाद्या आडव्या बिल्डिंगसारखं दिसतं.

किल्ल्याचं बांधकाम १८३४ साली सुरू झालं. धास्ती बाहेरच्या शत्रूची होतीच, पण आतल्यांचीही होती. गुलामगिरी रद्द होणार म्हटल्यावर फ्रेंच मळेवाले बंड करतील असं इंग्रजांना वाटत होतं. बंड झालं नाही, कारण भरपाई मिळाली. १ फेब्रुवारी १८३५ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. बेटावर तेव्हा सुमारे ६६ हजार गुलाम होते. भरपाई म्हणून २० लाख पौंडांहून जास्त रक्कम दिली गेली, ती मालकांना. गुलामांना एक पैसाही नाही. उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली त्यांना त्याच मालकांकडे आणखी चार वर्षं राबावं लागलं.

आता दुसरी तारीख बघा. २ नोव्हेंबर १८३४. त्या दिवशी 'ॲटलस' नावाचं जहाज कोलकात्याहून येऊन पोर्ट लुईला लागलं. त्यातून ३६ मजूर उतरले. म्हणजे गुलामगिरी संपायच्या तीन महिने आधीच तिची बदली सोय धक्क्यावर उतरली होती.

त्यांचा करार कोलकात्यात १० सप्टेंबरला झाला होता. मुदत पाच वर्षं. पुरुषाला महिना पाच रुपये. परतीच्या भाड्यासाठी त्यातला एक रुपया दर महिन्याला कापून ठेवायचा. वर तांदूळ, डाळ, तूप, मीठ, तेल. लिहिता येत नसल्यामुळे त्यांनी सहीच्या जागी फुल्या मारल्या. कागदपत्रांत त्यांची ओळख 'धांगर' अशी आहे. मराठी माणसाला तो शब्द वाचून आपले धनगर आठवतील, पण हे ते नव्हेत. छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातल्या उराँवांसारख्या आदिवासींना कोलकात्यात तेव्हा धांगर म्हणत.

या कराराला ते 'गिरमिट' म्हणू लागले. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचं ते बोलीतलं रूप. आपल्या सुताराकडेही गिरमिट असतं, लाकडाला भोक पाडायचं. दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी मराठी कानाला दोन्ही एकदम ऐकू येतात.

घाट

सिटाडेलवरून उतरून बाजारातून बंदराकडे परत यायचं. वाटेत दालपुरीच्या गाड्या लागतात. हरभऱ्याची डाळ भरलेली पातळ पोळी, दोनच्या जोडीनं, वर भाजी आणि चटणी. पुरणपोळीत गूळ घालायला विसरलं तर जी होईल ती. बिहारहून आलेला हा पदार्थ आता सगळ्या बेटाचं खाणं आहे. चिनी, आफ्रिकी, गोरे, सगळे त्याच रांगेत उभे असतात.

पुढे एका बस-स्थानकाचं नाव दिसतं : इमिग्रेशन स्क्वेअर. हे विमानतळावरच्या इमिग्रेशनचं नाव नाही. मजुरांचा डेपो इथे होता, म्हणून हे नाव राहिलं. डेपो १८४९ साली बांधला गेला. आज त्याला आप्रवासी घाट म्हणतात. १९८७ पर्यंत त्याचं नाव 'कुली घाट' होतं.

युनेस्कोनं २००६ मध्ये याला जागतिक वारसा जाहीर केलं. त्यामुळे मनात काहीतरी भव्य असतं. प्रत्यक्षात जागा एवढीशी आहे, एखाद्या शाळेच्या मैदानापेक्षा लहान. डेपोचा बराचसा भाग काळाच्या ओघात गेला आणि हायवे काढताना उरलेल्यातलाही काही गेला. भिंतीपलीकडून गाड्यांचा आवाज सतत येतो. शिल्लक आहे ते म्हणजे दवाखान्याच्या खोल्या, पहारेकऱ्याची कचेरी, मजुरांना ठेवायच्या पडवीच्या भिंती, स्वयंपाकाची आणि संडासाची जागा. आणि समुद्राकडून वर येणाऱ्या काही दगडी पायऱ्या.

त्या पायऱ्यांसमोर मी बराच वेळ उभी होते. त्यांच्यात बघण्यासारखं काही नाही. आपल्या कुठल्याही नदीच्या घाटावर याहून देखण्या पायऱ्या असतात. पण साठ-सत्तर वर्षं जो कुणी भारतातून इथे मजुरीला आला, त्याचा या बेटाशी पहिला संबंध या दगडांशी आला. शिडाच्या जहाजात कित्येक आठवडे काढल्यावर, न हलणारी पहिली गोष्ट.

डेपोत किमान दोन दिवस ठेवत. वैद्यकीय तपासणी व्हायची. मग कारकून समोर बसवून वहीत लिहून घ्यायचा : नाव, वडिलांचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा, कोणत्या मळ्यावर दिला. आणि एक नंबर. माणूस मरेपर्यंत तो नंबर त्याचा. मळा बदलला, लग्न झालं, दंड झाला, परत गेला, मेला, सगळं त्या नंबरापुढे नोंदलं जायचं. १८६०च्या दशकात फोटो काढायला सुरुवात झाली. म्हणजे आपल्या गावातल्या जमीनदाराचाही फोटो निघालेला नसताना त्याच्या शेतमजुराचा फोटो समुद्रापलीकडे निघत होता. फोटोत हसण्याचा प्रश्नच नव्हता.

हा नंबर लिहिलेल्या कागदाला म्हणायचे तिकीट.

मराठीत तिकीट म्हणजे प्रवासाचं आणि पोस्टाचंही. पोर्ट लुईत दोन्ही बघायला मिळतात. कोदाँ वॉटरफ्रंटवर ब्लू पेनी म्युझियम आहे. तिथे १८४७ची पोस्टाची दोन तिकिटं आहेत, एक नारिंगी, एक निळं. ब्रिटनबाहेर ब्रिटिश साम्राज्यात निघालेली ही पहिली तिकिटं. गव्हर्नरच्या बायकोनं दिलेल्या बॉल डान्सची निमंत्रणं त्यातल्या काहींवर गेली. जगात आज अशी तीन डझनसुद्धा उरलेली नाहीत. मॉरिशसच्या बँका आणि कंपन्यांनी मिळून ही दोन १९९३ मध्ये सुमारे २० लाख डॉलरना परत आणली. रंग उडू नये म्हणून खोलीतला दिवा थोडाच वेळ लावतात.

त्याच दशकात, त्याच बंदरात, हजारो माणसांच्या हातात ते दुसरं तिकीट होतं. ते हरवलं तर पोलीस पकडत.

गैरहजेरीचा हिशेब

'गुलाम नव्हते, पगार मिळत होता' असं कुणी म्हटलं तर त्याला 'डबल कट' हा शब्द सांगायचा. मजूर एक दिवस कामावर आला नाही की दोन दिवसांचा पगार कापायचा. पाच रुपये महिन्यात आजारपणाचे चार दिवस आले की आठ दिवसांची मजुरी गेली. महिनाअखेरीला हातात काय यायचं, त्याचा हिशेब तुम्हीच करा.

करार संपल्यावर माणूस मोकळा व्हायला हवा. पण मोकळा झालेला मजूर स्वतःची भाजी पिकवतो, गाडी हाकतो, जास्त मजुरी मागतो. म्हणून १८६७ साली कायदा झाला. करार संपलेल्या प्रत्येक 'जुन्या' मजुरानं फोटो लावलेला पास जवळ बाळगायचा. पास नसेल, किंवा पासवर लिहिलेल्या भागाबाहेर सापडला, तर भटक्या म्हणून अटक. सुटायचा सोपा मार्ग एकच, पुन्हा करार करणं.

याविरुद्ध १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी एक अर्ज केला. तो लिहायला मदत केली ॲडॉल्फ द प्लेविट्झ या युरोपियन माणसानं. मळेवाल्यांनी त्याला बेटावरून हाकलायची मागणी केली. पण अर्ज वर पोचला. लंडनहून रॉयल कमिशन आलं आणि १८७५च्या त्याच्या अहवालात मजुरांच्या तक्रारी बऱ्याच अंशी खऱ्या ठरल्या. इतिहासात ९,४०१ हा आकडा आणि प्लेविट्झचं नाव राहिलं. निशाणी करणाऱ्यांची नावं फार कुणाला माहीत नाहीत. तरीही विचार करा, ज्याला घराबाहेर पडायला पास लागतो, त्यानं दुसऱ्याच्या दारात जाऊन अर्जावर निशाणी मागायची, आणि त्या दुसऱ्यानं ती करायची. नऊ हजार वेळा.

गॅब्रिएल बेट

आमच्या ॲपवरची सगळ्यात महाग सहल होती गॅब्रिएल बेटाची. मॉरिशसच्या उत्तरेला फ्लॅट आयलंड आणि त्याला लागून हे गॅब्रिएल. पांढरी वाळू, निळंहिरवं उथळ पाणी. फोटो खोटे नाहीत, जागा तशीच आहे.

जानेवारी १८५६ मध्ये 'हैदरी' आणि 'फत्ते मुबारक' ही दोन जहाजं कोलकात्याहून आली. जहाजावर पटकी होती. दोनच वर्षांपूर्वी पटकीनं पोर्ट लुईत हजारो माणसं मेली होती, त्यामुळे शहर घाबरलेलं. या मजुरांना बंदरात घेतलं नाही. त्यांना गॅब्रिएल बेटावर उतरवलं. पुरेसा निवारा नाही, पाणी नाही. पावसाळी वादळांचे दिवस. अडीचशेहून जास्त माणसं त्या वाळूवर मेली. भारत सरकारनं काही काळ मॉरिशसला मजूर पाठवणं थांबवलं, ते यामुळे.

कॅटमरानवरून जाणाऱ्यांनी पोहू नये असं माझं म्हणणं नाही. समुद्र सगळ्यांचा आहे. पण जहाजाच्या ॲपवर त्या बेटाबद्दल चार ओळी होत्या, आणि पाचवी लिहायला जागा होती.

प्रवासी काय बघतो

मार्क ट्वेन १८९६ च्या एप्रिलमध्ये कोलकात्याहून आफ्रिकेला जाताना इथे उतरला. देवानं आधी मॉरिशस घडवलं आणि मग त्यावरून स्वर्ग, अशा अर्थाचं वाक्य त्याच्या नावावर मॉरिशसच्या प्रत्येक जाहिरातीत असतं. पुस्तकात ते त्याचं मत म्हणून येतच नाही. एक रहिवासी असं सांगतो, आणि दुसरा लगेच म्हणतो की ही अतिशयोक्ती आहे. ट्वेननं दोघांनाही ऐकलं होतं. जाहिरातीनं पहिल्यालाच ठेवून घेतलं.

पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९०१ च्या शेवटी, दरबानहून मुंबईला निघालेलं 'नौशेरा' जहाज इथे थांबलं. त्यात बत्तीस वर्षांचे बॅरिस्टर गांधी होते. मुक्काम साधारण तीन आठवडे लांबला. एक रात्र ते गव्हर्नर सर चार्ल्स ब्रूस यांचे पाहुणे होते. पण बाकीचे दिवस ते इथल्या भारतीयांना भेटत फिरले. मुलांना शिकवा आणि राजकारणात भाग घ्या, असं त्यांनी सांगितलं. पुढे १९०७ साली मणिलाल डॉक्टर हे तरुण बॅरिस्टर गांधींच्या सांगण्यावरून मॉरिशसला आले. त्यांनी मजुरांचे खटले लढवले आणि 'हिंदुस्थानी' नावाचं वर्तमानपत्र काढलं. मॉरिशस स्वतंत्र झाला तो १२ मार्च १९६८ रोजी. दांडीयात्रा सुरू झाली तो हाच दिवस, आणि तारीख मुद्दाम निवडली होती.

म्हणजे जहाज थांबलं म्हणून उतरलेल्या माणसाला काहीच करता येत नाही, असं नाही. तो बंदरावर काय विचारतो यावर बरंच अवलंबून असतं.

हे मी संध्याकाळी जहाजावर आमच्या टेबलाच्या वेटरशी बोलत होते. तो वेंगुर्ल्याचा. नऊ महिन्यांचा करार, सातवा चालू. पोर्ट लुईत तो याआधी चारदा येऊन गेला होता, पण दुपारच्या जेवणाची पाळी असल्यामुळे शहरात एकदाही गेला नव्हता. मी घाटाबद्दल सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, ग्लासात पाणी ओतलं आणि म्हणाला, "आमचंपण काँट्रॅक्टच ना ताई. पण माझा पासपोर्ट आहे, फोनवर रोज आई दिसते. आणि जायची तारीख मला ठाऊक आहे." थोडं थांबून म्हणाला, "त्यांना तारीख ठाऊक नव्हती, हाच फरक."

यापेक्षा नेमका फरक मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

आपली माणसं

तारीख ठाऊक नसलेल्यांपैकी साधारण एक-तृतीयांश परत आले. बाकीचे राहिले. १८६१च्या जनगणनेतच बेटावरचे निम्म्याहून जास्त लोक भारतीय होते.

मुंबईहून गेलेली मराठी कुटुंबंही राहिली. आज त्यांची नातवंडं-पतवंडं घरात क्रिओल बोलतात, शाळेत इंग्रजी-फ्रेंच शिकतात. मराठी हा त्यांच्यासाठी 'पूर्वजांची भाषा' म्हणून शाळेत घ्यायचा विषय आहे. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठीचा स्वतंत्र विभाग आहे. गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. गणपतीत 'झाकरी' नाचतात. कोकणातल्या कुणालाही विचारा, जाखडी म्हणजे काय. गोल करून, मधे ढोलकी, पायात चाळ. नाव थोडं बदललं, पाय बदलले नाहीत.

यात एक गंमत आहे. लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली ती १८९३ पासून. मुंबईहून मॉरिशसला झालेली मुख्य भरती त्याच्या कितीतरी आधीची. म्हणजे ही माणसं जो गणपती घेऊन गेली तो मंडपातला नव्हता. कोकणातल्या माजघरातला, माटोळीखालचा होता. आपल्याकडे मधल्या शंभर वर्षांत त्यावर बरंच काही चढलं. त्यांनी जे नेलं ते आपल्या पद्धतीनं वाढवलं.

घाटाबाहेर एका बाकावर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. मी मराठीतून फोनवर बोलत होते ते ऐकून हसल्या. आमचं संभाषण मोडक्या हिंदीत झालं. त्यांच्या आईच्या आजोबांचे वडील 'बॉम्बे'हून आले होते. गावाचं नाव? ते कागदात आहे, म्हणाल्या, पण वाचता येत नाही. इंग्रजी अक्षरं वाचता येतात, पण त्यातून कुठलं गाव होतं ते कळत नाही.

ती गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. मजुरांच्या त्या सगळ्या वह्या आज मोकाच्या इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत. मॉरिशसचे लोक तिथे जातात, पणजोबांचा नंबर शोधतात, नोंदीची नक्कल काढतात. नोंद सापडते, फोटोही सापडतो कधीकधी. अडतं ते गावाच्या नावाशी. कारकुनानं कानाला जसं पडलं तसं लिहिलं. त्या काळच्या इंग्रजी दप्तरांत रत्नागिरीचं स्पेलिंग आपण वाचलं तर 'रटनाघेरी' असं वाचू. जिल्ह्याचं हे, तर वाडीचं काय झालं असेल?

आणि इकडे? इकडे अशी वही कुणीच ठेवली नाही. कोकणात, साताऱ्याच्या घाटमाथ्यावर कितीतरी घरांत एक पुसटशी गोष्ट असते. खापरपणजोबांचा एक भाऊ मुंबईला गेला तो आलाच नाही. वंशावळीत त्याच्या नावापुढे रेघ नाही, 'परागंदा' एवढंच. त्यातले सगळे काही मॉरिशसला गेले नसतील. कुणी प्लेगमध्ये गेले असतील, कुणी गिरणीत, कुणी नुसतेच नाहीसे. पण काही जण त्या दगडी पायऱ्या चढून गेले, कारकुनासमोर उभे राहिले आणि त्यांनी आपल्या गावाचं नाव सांगितलं. बहुधा एकदाच सांगितलं असेल, थकलेल्या आवाजात. कारकुनानं ते लिहून घेतलं.

मॉरिशसमध्ये नाव आहे पण गाव ओळखू येत नाही. महाराष्ट्रात गाव आहे पण नाव उरलेलं नाही. हे दोन तुकडे जोडायला फार मोठं ज्ञान लागत नाही. वाकडंतिकडं लिहिलेलं स्पेलिंग मोठ्यानं वाचून 'अरे, हे तर आमच्या शेजारचं' म्हणणारं कुणीतरी लागतं. कणकवलीच्या बाजारातला कुठलाही म्हातारा हे काम माझ्यापेक्षा चांगलं करेल.

त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या कागदाचा फोटो पाठवला. गावाच्या जागी सात इंग्रजी अक्षरं आहेत. मी ती तीन प्रकारे म्हणून पाहिली. दोन गावं जुळतात, एक राजापूरजवळचं, एक लांज्याजवळचं. दोन्हीकडे ओळखीतून फोन लावले आहेत. राजापूरकडच्यांनी विचारलं, आडनाव काय? मी म्हटलं, आडनाव नाही, नंबर आहे.